सकाळी एक, संध्याकाळी एक

डॉ. ल्युबेन गेरचेव यांनी एकोणिसाव्या प्रश्नावर खूण केली आणि पान उलटलं. श्वसनविकारांबद्दल फॅमिली डॉक्टरांना कितपत कळतं, हे सोफियातल्या कुठल्याशा समितीला जाणून घ्यायचं होतं. खाणीच्या गावात छत्तीस वर्षं लोकांचा खोकला ऐकलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे अपमानच. पण एकोणीसच्या एकोणीस उत्तरं येत असल्यामुळे तो अपमान त्यांना गोड लागत होता.

विसावा प्रश्न सोपा होता. रुग्ण इन्हेलर कसा वापरतो, हे तुम्ही स्वतः पाहता का? त्यांनी ‘प्रत्येक भेटीत’ या चौकोनात खूण केली. बरोबर उत्तर तेच होतं.

“प्रत्येक भेटीत?” टेबल पुसता पुसता पेन्का सिस्टरनं डोकावलं. “बावीस वर्षं आहे मी इथं. कुठल्या खोलीत पाहता, डॉक्टर?”

“बाहेर कोण आहे ते बघ.”

बाहेर स्पासकाका होते. निवृत्त खाणकामगार, वय चौऱ्याहत्तर. दारापासून खुर्ची सहा पावलांवर; मध्ये टेबल धरून त्यांना थांबावं लागलं. काखेत बायकोचा फोटो छापलेले कागद होते. इलिन्काला जाऊन सहा महिने झाले होते, आणि गावच्या रीतीप्रमाणे सहा महिन्यांच्या स्मरणाचा कागद दारोदारी लागायला हवा होता.

“इथल्या दारावर एक लावू का? अर्धा जन्म तिचा... तुमच्याच रांगेत गेला.”

“लावा की. दम कसा आहे?”

“आहे तसाच. तुम्ही औषध वाढवलंत तरी... बधत नाही. सासूवर गेलाय माझ्या.”

डॉक्टरांची नजर खूण केलेल्या चौकोनावर गेली. पेन्का फडकं हातात धरून उभीच होती.

“औषध घेऊन दाखवा बघू.”

“आत्ता? पाणी लागेल.”

“पाणी कशाला?”

स्पासकाकांनी खिशातली चंदेरी पट्टी काढली, एक कॅप्सूल दाबून बाहेर काढली, जिभेवर ठेवली आणि ते टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. मग गिळल्याची खात्री पटावी म्हणून तोंड उघडून दाखवलं.

पेन्का फडकं टेबलावर टाकून बाहेर गेली.

“आणि ते यंत्र? खोक्यात असतं ते, निळं?”

“जपून ठेवलंय. काचेच्या कपाटात, दोन्ही. इलिन्का म्हणायची, महागाची वस्तू... पाहुण्यांना दिसू दे.”

डॉक्टरांनी खणातून नमुन्याचा इन्हेलर काढला. कॅप्सूल आत ठेवायची, बटण दाबून फोडायची, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून ओढायचं. हे सांगायला दीड मिनिट लागलं. काकांनी ओढलं. आत कॅप्सूल भिरभिरली. ते खोकले, मग टेबलाला धरून बसून राहिले. पाच-सात मिनिटांनी त्यांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

“दोन वर्षांत पहिल्यांदा हवा तळापर्यंत गेली बघा,” ते म्हणाले. वाक्य कुठंही तुटलं नाही. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि ते हसले. मग हसू जागीच थांबलं.

“इलिन्कापण गिळायची.”

डॉक्टरांनी इन्हेलरचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“एक चुकवली नाही तिनं. सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवटच्या दिवशीसुद्धा मीच पाणी दिलं.”

“तिचा आजार जरा...” डॉक्टरांनी सुरुवात केली. दोघांच्या याच औषधाच्या चिठ्ठ्या त्यांनी एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक लिहिल्या होत्या.

शेवटी स्पासकाकाच पुढं वाकले.

“तुम्ही सांगितलं असणार हो तेव्हा. मला ऐकू कमी येतं. आणि तिला काय, मी सांगेन तेच खरं.”

डॉक्टर खिडकीकडं बघत होते.

“हं,” ते म्हणाले. “होतं असं कधी कधी.”

“नाही, पण मी लक्ष द्यायला हवं होतं,” स्पासकाका म्हणाले.