असंबद्ध कोंबड्या

मार्चपासून चर्चच्या गटाने आश्रयासाठी पाठवलेल्या आठ अर्जांपैकी सात फेटाळले गेले. मंजूर झालेला एकमेव अर्ज युगांडाच्या एका बाईचा होता. बस चुकल्यामुळे ती अर्ज भरण्याच्या गुरुवारच्या बैठकीला आलीच नव्हती.

मी त्या चर्चचा नाही, कोणत्याच देवाचा नाही. आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. एखादी बॅच बिघडली की तिचे मूळ कारण शोधून अहवाल लिहितो. स्वतःच्या देशात समलिंगी असल्यामुळे जिवावर बेतले म्हणून पळून आलेल्यांना आमच्या शेजारच्या पाळकबाई, ऑर्ला, चर्चच्या मागच्या खोलीत चहा देतात आणि अर्ज भरायला मदत करतात. "तुमचा हात कागदपत्रांत चांगला आहे म्हणे," त्या फेब्रुवारीत म्हणाल्या. मी दर गुरुवारी जाऊ लागलो.

सातवा नकार तिनाशेचा होता. तिनाशे झिम्बाब्वेचा, पेशाने शिंपी. त्याचा जोडीदार फराई याला गल्लीतल्या लोकांनी मारून टाकले होते. अपिलाला दहा दिवस उरले होते. तेही फेटाळले गेले तर त्याला त्याच गल्लीत परत पाठवले जाणार होते.

मी निकालपत्र दोनदा वाचले. 'आपण वेगळे आहोत हे कळले तेव्हा नेमके काय वाटले?' असे अधिकाऱ्याने त्याला चार वेळा विचारले होते आणि शेवटी शेरा मारला होता: कथन तपशीलहीन, पाठ केल्यासारखे. मेलेल्या माणसाच्या आठवणीला कोणी उत्तरपत्रिकेसारखे तपासावे, याची मला किळस आली. अधिकारी पूर्वग्रहदूषित आहेत, असे गृहीतक मी जेवताना मांडले.

"अरे, मग त्या बाईला कसा मिळाला आश्रय?" रेवती, माझी बायको, म्हणाली. "पूर्वग्रह त्या दिवशी रजेवर होता का?"

गृहीतक तिथेच पडले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी आठही अर्ज टेबलावर मांडले. त्या बाईने स्वतःच्या हाताने अकरा पाने लिहिली होती. पहिली तीन शेजारणीच्या उधार आणलेल्या पातेल्याविषयी होती. उरलेले सात टंकलिखित, दीड-दीड पानाचे. प्रत्येकात पाच मथळे, त्याच क्रमाने. 'भावना' या मथळ्याखाली सातही जणांनी लिहिले होते: लाज व भीती.

तिनाशे चहाचे कप विसळत होता.

"मुलाखतीत मी कोंबड्यांपासून सुरुवात करणार होतो, डॉक्टर," तो म्हणाला. मी डॉक्टर नाही. हे तो जाणूनबुजून म्हणतो.

"कुठल्या कोंबड्या?"

"तुम्ही खोडलेल्या. मी आणि फराई मिळून नऊ कोंबड्या पाळायचो. एक आजारी पडली तर तो तिला घेऊन रात्रभर बसला. तेव्हा मला कळलं. तुम्ही समासात लिहिलं होतंत, असंबद्ध. मुलाखतीत तेच आठवलं आणि मी कोंबड्या गाळल्या."

"मग काय सांगितलंस?"

"लाज व भीती." तो हसला. "खरं म्हणजे लाज मला कधी वाटलीच नाही. पण तुमच्या तक्त्यात तोच रकाना होता."

मी त्याच्या पहिल्या मसुद्याचा कागद काढला. लाल रेघ माझी, अक्षर माझे, खाली सहीसुद्धा. तीच किळस पुन्हा आली. या वेळी तिला अधिकाऱ्यापर्यंत जावे लागले नाही.

त्या संध्याकाळी तिनाशे बोलत गेला आणि ऑर्लाबाईंनी जसेच्या तसे उतरवून घेतले. चौदा पाने झाली. मी पेनला हात लावला नाही. अपिलासोबत मी माझे स्वतंत्र निवेदन जोडले. कारखान्यात लिहितो त्याच पद्धतीने लिहिले, कारण मला दुसरी येत नाही. त्याचे शेवटचे वाक्य असे आहे:

मूळ कारण: सात माणसांच्या हकिकती मी एकाच तक्त्यात बसवल्या, आणि प्रत्येकीतले जे फक्त त्या माणसालाच ठाऊक असू शकले असते, ते असंबद्ध ठरवून खोडले.