विटेचा खोकला

मी टेनिसच्या कोर्टावरचा रोलर बोलतोय. आधीच सांगतो, माझी साक्ष फार भरवशाची नाही. गोल गोल फिरणाऱ्याला आधी काय झालं आणि नंतर काय, याचा पुढे पुढे संशयच येऊ लागतो. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मला ऐकू आली होती, आणि मी गप्प होतो.

स्प्लिट शहराच्या गोदीत एका बोटीसाठी कापलेल्या जाड लोखंडी नळीचा उरलेला तुकडा म्हणजे मी. कुणीतरी त्यात काँक्रीट भरलं, लांब दांडा बसवला आणि मला या बेटावरच्या क्लबात धाडून दिलं. दोनशे किलो वजन, एवढाच माझा गुण.

मला ओढणारा माणूस एकच, येर्को. आला तेव्हा काळ्याभोर केसांचा होता. आता एकाहत्तरचा आहे आणि त्याच्या वयाचे लोकसुद्धा त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.

दर मार्चमध्ये आम्ही दोघं कोर्ट नव्यानं घडवतो. हिवाळ्यानं खाल्लेला थर खरवडायचा, दळलेल्या विटेचा लाल भुगा पसरायचा, पाणी मारायचं, मला फिरवायचं. पुन्हा पाणी, पुन्हा मी. एप्रिलअखेर बायकांची मोठी व्यावसायिक स्पर्धा भरते, तिच्यासाठी हे सगळं. चेंडू रेषेत पडला की बाहेर, यावर वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून खाली येतात आणि वाकून मातीवरचा ठसा बघतात. ठसा नीट उमटावा म्हणून मी.

त्या दिवसांत येर्कोच्या नाकातोंडात इतका भुगा जातो की त्याला खोकला लागतो. कोरडा, दोन ठसक्यांचा, शेवटी लाल थुंकी. क्लबात त्या खोकल्याचं नावच 'विटेचा खोकला'. तो ऐकू आला की हंगाम आला म्हणून बार चालवणारी सिल्वाना छत्र्या धुवायला काढते.

त्या वर्षी भुगा पसरून झाला होता आणि फ्राने नावाचे क्लबाचे सेक्रेटरी फोन हातात धरून आले. तोंडाला फडकं बांधलेलं. कुंपणाच्या जाळीपलीकडेच थांबले.

"बार्बा, स्पर्धा रद्द."

"पुढे ढकलली म्हण."

"ढकलली नाही, रद्द. साथीमुळे. विमानं बंद, बोटी बंद. तुम्हीपण घरी जा."

येर्कोनं पायाखालच्या मातीकडे पाहिलं. "आणि हिला कुठे पाठवू? ओलं करून दाबलं नाही तर पहिल्या वाऱ्यात अर्धं कोर्ट समुद्रात जाईल."

"जाऊ दे ना!"

"तुझ्या बापाला सांग जाऊ दे म्हणून. त्यानंच टाकलंय हे कोर्ट."

फ्राने गेले. येर्को रोज एकटाच येत राहिला. बंदरावर माणूस नाही, चर्चची घंटा फक्त मयतीसाठी. आठवड्यात ती तीनदा वाजली.

मग खोकला बदलला. विटेचा खोकला छातीतून उठून घशाशी संपायचा. हा घशात सुरू होऊन खोल खाली उतरायचा. दोनाऐवजी पाच-सहा ठसके, आणि थुंकी पांढरी. मला तेव्हाच कळलं होतं का? कदाचित हे मी मागाहून जुळवलं असेल. पण त्या क्षणी माझं लोखंड गार पडलं होतं, हे नक्की आठवतं.

त्याची बायको विन्का दुपारी डबा घेऊन यायची.

"डॉक्टरला दाखव."

"काय दाखवू? वीट? मार्चमध्ये खोकलो नाही तर पाद्रीला बोलाव."

ती हसली. तीसुद्धा हसली! चाळीस वर्षं ऐकलेला खोकला, कोण घाबरणार त्याला?

चौथ्या दिवशी तो दांडा सोडून खाली बसला आणि कपाळ माझ्यावर टेकलं. बोरा वारा सुटला होता, मी बर्फासारखा होतो. थोड्या वेळात माझं लोखंड कोमट झालं. माणसाच्या अंगात इतकी आग असते हे मला माहीत नव्हतं. विन्का आली, तिच्या हातातला डबा पडला.

आले ते चौघं, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. चेहरे नाहीत. जाडजूड बुटांनी सरळ ओल्या मातीत शिरले. स्ट्रेचरवरून येर्को पुटपुटला, "बूट... सपाट तळाचे बूट घाला रे, गाढवांनो."

दवाखान्याच्या बोटीत विन्काला घेतलं नाही. ती जाळीला धरून उभी राहिली, फार वेळ.

ते ठसे तसेच सुकले. बोऱ्यानं एका कडेचा भुगा नेला, कोपऱ्यात गवत आलं, मला गंज चढला. स्पर्धेचा आठवडा आला, गेला. घंटा वाजली की मी मोजायचो, आणि ती कुणासाठी हे सांगायला तिथे कुणी नसायचं. बुटांचे ते खड्डे बघत मी पुन्हा पुन्हा तेच ऐकायचो, पाच ठसके, सहा ठसके. दांडा थोडा अडकवून बसलो असतो, अंग मातीत रुतवलं असतं, तर तो वैतागून घरी गेला असता का? माहीत नाही.

जूनमध्ये फाटक वाजलं. विन्काच्या खांद्यावर हात ठेवून येर्को आला, निम्मा उरलेला. ठसे पाहून त्यानं एक शिवी हासडली, वाळक्या भुग्यावर पाण्याची झारी ओतली आणि माझा दांडा धरला.

"चल, म्हाताऱ्या."

मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वजन नकोसं झालं. मग विन्कानंही दांडा धरला. दोघांनी ओढलं आणि मी वीतभर पुढे सरकलो, पहिल्या बुटाच्या ठशावरून.

तेवढ्यात तो खोकला. दोन ठसके. आम्ही तिघंही निश्चल. तिसरा येतो का, ऐकत. तो थुंकला, आणि विन्का वाकली, पंच वाकतात तशी, गुडघ्यावर हात ठेवून.

"काय आहे गं?"

"लाल," ती म्हणाली. "विटेचाच आहे."

असेल. पण ज्यांच्या घरात एखादा ओळखीचा खोकला आहे, त्यांना माझी विनवणी आहे, एकदा पुन्हा वाका. लाल मातीवर सगळंच लाल दिसतं.