एक लांब म्हणजे आत, दोन लांब म्हणजे घरी

मित्रांनो, आधी कानांवरचे हात काढा बघू. मी आत्ता वाजत नाहीये, बोलतोय. मी एक जुना भोंगा आहे, कारखान्याचा. गाडीत बसवतात ना, पाँ पाँ करणारा, तो नाही. त्याला मी भोंगा म्हणतच नाही. ती नुसती शिंक.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. माझ्या पोटात एक पंखा आहे. त्याच्याभोवती फटी-फटींचा लोखंडी डबा. मोटर सुरू झाली की पंखा गरगरतो, वारा त्या फटींतून कापत बाहेर येतो आणि लांबवर ऊऽऽऽ होतं. एवढंच माझं गुपित. पहिल्यांदा वाजवून बघितलं तेव्हा मला बनवणारा कारागीर स्वतःच टेबलाखाली जाऊन बसला होता. तिथेच मला कळलं, आपण काहीतरी भारी आहोत.

मग मला खोक्यात घालून एका कारखान्यात आणलं आणि सगळ्यात उंच छपरावर बसवलं. माझी भाषा साधी होती. सकाळी एक लांब भोंगा, म्हणजे आत या. दुपारी एक आखूड, म्हणजे जेवा. आणि पाळी सुटताना लागोपाठ दोन लांब, म्हणजे चला घरी. बस. यापलीकडे मला एक अक्षर येत नव्हतं, पण साहेबाच्या लांबलचक भाषणाने जे व्हायचं नाही ते माझ्या एका ऊऽऽ ने व्हायचं. हातातला पाना हातात राहायचा नाही. अर्धा राहिलेला जोक अर्धाच राहायचा. नळावर रांग, साबणाची ओढाओढ, खिशात किल्ली आहे का ते चाचपणं आणि गेट! आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका माझ्या आवाजावर कुकर चढवायच्या. पोरं माझ्या आवाजावर खेळ आवरायची, कारण बाप निघाला.

सगळ्यात मजा गेटवर यायची. एक पाळी बाहेर, दुसरी आत. दोन्ही गर्दी समोरासमोर आली की तिथेच अडकायच्या. कोणाला मुलगी झाली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या सासूने घर सोडायची धमकी दिली आणि अजून सोडलं नाही, सगळं तिथे कळायचं. वरून मला सगळं दिसायचं. कोण कोणाला टाळतंय तेसुद्धा.

मग एक दिवस गेटवर कार्ड दाखवायचं मशीन आलं. कार्ड लावलं की 'टुंग'. हा आवाज झाला? माझं डोकंच फिरलं. त्यात समोर नव्या इमारती झाल्या. तिथल्या लोकांनी तक्रार केली की भोंग्याने झोपमोड होते. सकाळी सूर्य डोक्यावर आल्यावर कसली झोप? पण माझं कोण ऐकतो! म्हणजे इतकी वर्षं सगळे माझंच ऐकत होते, आणि आता कोणीच नाही. मला खाली उतरवलं आणि कारखान्याच्याच आवारातल्या, निवृत्त लोकांच्या क्लबच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. माझ्या तोंडात लोक छत्र्या खोचायला लागले. छत्र्या! मी गंजाने लाल झालो का रागाने, ते मलाच माहीत नाही.

हा क्लब म्हणजे कंपनीतून निवृत्त झालेल्यांचा. त्याची चिटणीस होती हॅलोबाई. खरं नाव कोणी घेत नसे. उभी नोकरी कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर कानाला यंत्र लावून काढलेली. आजही दारात कोणी आलं की "या" म्हणायच्या आधी "हॅलो" म्हणते. क्लबच्या बातम्या तीच द्यायची, आणि जमणं, चहा, सहल, सगळं तीच ठरवायची. आधी खोली भरलेली असायची. मग कोणाच्या तरी हुशार सुनेने फोनवर ग्रुप काढून दिला. हॅलोबाई खूष. बातमी टाकली की लगेच सगळ्यांना पोचते! पोचायची खरीच. लोक घरी बसून अंगठा दाखवायचे आणि चादर ओढून घ्यायचे. जमायला कशाला यायचं मग?

उंटकाकांचं तेच झालं. उंटकाका म्हणजे क्रेनवाले. आयुष्यभर वर बसून मान खाली घालून बघितल्यामुळे मान तशीच राहिलेली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॅलोबाईने बातमी टाकली. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली. माणूस एकही गेला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल. उंटकाका जे रुसले ते ग्रुपमधून बाहेर आणि क्लबमधूनही बाहेर.

अशात कंपनीच्या नव्या मॅडम खोली बघायला आल्या. वयाने लहान, चालायला भरभर, बोलायला गोड.

"आजी, मला इथे मशीनचे सुटे भाग ठेवायला जागा हवीये. इथे येतं का कोणी?"

"आजी घरी. इथे मी चिटणीस," हॅलोबाई म्हणाली. "आणि येतात की! शनिवारी या. खुर्ची मिळाली तर बसा."

मॅडम हसून म्हणाल्या, "येते. भरलेली दिसली तर खोली तुमची."

त्या गेल्यावर हॅलोबाई मटकन बसली. समोर ग्रीसदादा होता. कारखान्याचा जुना फिटर, मला वाजवणारा हात त्याचाच. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही.

"खुर्ची मिळाली तर बसा म्हणे!" ग्रीसदादा म्हणाला. "बाई, मागच्या वेळी आपण दोघं आणि ते झोपलेले वॉचमनबाबा होतो."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? या, आमची वरात बघा? खोली गेली तर क्लब गेला, दादा. मग फोनमधेच एकमेकांना अंगठे दाखवत बसू, शेवटपर्यंत."

तिने पदराने डोळे पुसले. ग्रीसदादाला रडणारं माणूस समोर आलं की काहीतरी दुरुस्त करायची घाई होते. त्याने इकडे तिकडे बघितलं. पंखा चालू होता. दिवा लागत होता. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने छत्र्या उपसल्या आणि मला पालथा घातला.

मित्रांनो, पुढचे दिवस काय सांगू! घासलं, तेल घातलं, मोटरला नवी तार गुंडाळली. ग्रीसदादाची बायको डबा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "अहो, माझ्या मिक्सरचं झाकण वर्षभर तसंच पडलंय, त्याला नाही हो एवढं गोंजारलं!" मला क्लबच्या गच्चीवर बसवलं, खाली खोलीत बटण. ठरलं असं की शनिवारी पाच वाजता एक लांब भोंगा द्यायचा आणि कार्यक्रम सुरू करायचा. हॅलोबाईने प्रत्येकाला फोन केला. ग्रुपवर नाही, एकेकाला. सगळे म्हणाले, "बघतो, जमलं तर." म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे.

शनिवार आला. खुर्च्या मांडल्या, चहाचा थर्मास, बिस्किटं, हॅलोबाईची इस्त्रीची साडी. पाच वाजता खोलीत मूठभर डोकी. पुढच्या दोन रांगासुद्धा भरेनात. मॅडमचा पत्ता नाही, मीटिंग लांबली म्हणे. ग्रीसदादाने बटण दाबलं. आधी घशातून धूळ निघाली, एक पाल पळाली, आणि मग मी जो लागलो! ऊऽऽऽऽ! इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर काढलं. वॉचमनबाबा झोपेतून उठून सलाम ठोकून उभे राहिले.

बराच वेळ गेला. चहा झाला, गप्पा रंगल्या. तेवढ्यात मॅडम धावत आल्या. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली. हॅलोबाईने पटकन एक खुर्ची पुढे केली. विषय बदलायला ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमचा भोंगा ऐकलाच नाही!"

"हो? वाजवा ना!"

ग्रीसदादाने छाती फुगवून बटण दाबलं. मी वाजलो. एक लांब.

"बाप रे! अजून एकदा, थांबा, व्हिडिओ काढते!"

एवढ्या कौतुकाने कोणी सांगितल्यावर ग्रीसदादा थांबतोय होय? त्याने लगेच परत दाबलं. मी परत वाजलो. दुसरा लांब.

आता लक्षात आलं ना? लागोपाठ दोन लांब!

सगळे उठले. एका क्षणात, न बोलता. कोणी अर्धा कप खाली ठेवला. कोणी बिस्किट परत बशीत टाकलं. एक जण नातवाची करामत सांगत होता, त्याने नातू मधेच सोडला. सगळे नळावर गेले, हात धुतले, खिशात किल्ली चाचपली आणि रांगेने चालायला लागले गेटकडे. गुडघे दुखणारे सगळ्यात पुढे! आणि हॅलोबाई? तिने कानावरचं, नसलेलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि तीही पायऱ्या उतरून चालायला लागली. खोलीत उरल्या मॅडम, हातात फोन धरून, आणि बटणावर बोट ठेवलेला ग्रीसदादा.

"अहो, हे कुठे चालले?" मॅडमने विचारलं.

"पाळी सुटली," ग्रीसदादा बोलून गेला. मग स्वतःच्या बोटाकडे बघून म्हणाला, "अगं आई गं!"

अर्ध्या वाटेवर हॅलोबाई भानावर आली. मागे वळून बघितलं तर भरायची ती खोली पार रिकामी. "अरे, फिरा मागे! कुठे चाललात, मेल्यांनो!" ती ओरडली. पण तोवर पुढची रांग गेटवर जाऊन अडकली होती.

अडकली, कारण समोरून माणसं आत येत होती.

मी गच्चीवरून बघत होतो. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं निघाली होती. पाच वाजताचा पहिला भोंगा त्यांनी घरात ऐकला होता. एक लांब म्हणजे आत या. फोनला "जमलं तर" म्हणणाऱ्यांनी चपला शोधल्या होत्या, शर्ट बदलले होते, काठ्या घेतल्या होत्या. एक जण घाईघाईत बनियनवरच आला होता आणि त्याची मुलगी शर्ट घेऊन मागून पळत होती. पेंटिंग खात्याच्या बायका एकमेकींना धरून येत होत्या. बाहेर जाणारे आणि आत येणारे गेटमध्ये समोरासमोर आले आणि गच्च अडकले. पूर्वी रोज अडकायचे, तसेच.

"अरे, तू जिवंत आहेस?"

"तुला अंगठा पाठवतो की रोज!"

"तुझ्या अंगठ्याने पाठ खाजवू का?"

आणि मागून, वॉकर टेकत, मान खाली घालून उंटकाका. सगळ्यांनी सरकून त्यांना वाट करून दिली. उंटकाका एकेकाकडे बघत पुढे आले.

"अंगठेवाले सगळे आलेत का?" त्यांनी विचारलं.

अंगठेवाले एकमेकांच्या मागे सरकले. शेवटी हॅलोबाई पुढे आली. "काका, मी बातमी टाकली आणि वाटलं माझं काम झालं. मी स्वतः यायला पाहिजे होतं."

उंटकाकांनी वॉकरवर टेकून दुसऱ्या गुडघ्यावर थाप मारली. "गुडघे दोन आहेत, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्याचं ऑपरेशन बाकी आहे. तेव्हा या. येताना डबा आणा, हॉस्पिटलचं जेवण फार बेकार."

असा हशा पिकला म्हणून सांगू! कोणी त्यांना धरलं, कोणी त्यांचा वॉकर धरला, कोणी नुसतंच मधे घुसलं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा खोली ओस आणि गेट तुडुंब. त्यांनी विचारलं, "हे सगळे तुमचे सभासद?"

"सगळे," हॅलोबाई म्हणाली.

"मग खोली तुमची. शब्द म्हणजे शब्द."

टाळ्या पडल्या. पण हॅलोबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती एकदा मागे, त्या पायऱ्या चढून जायच्या अंधाऱ्या खोलीकडे बघत होती, एकदा उंटकाकांच्या गुडघ्याकडे, आणि एकदा गेटशेजारच्या सायकलींच्या शेडकडे. तिथे आता सायकली कुठल्या, नुसती सावली असते.

"मॅडम, खोली तुम्ही घ्या," ती म्हणाली. "आम्हाला ही शेड द्या. इथे पायऱ्या नाहीत. आणि इथून जाणारा-येणारा दिसतो."

"बाई, येड लागलं का?" ग्रीसदादा कुजबुजला. "मिळालेली खोली सोडताय?"

"तुझ्या भोंग्यानेच सगळ्यांना इकडे आणून सोडलं. आता गप बस."

मॅडम हसल्या. "दिली. अजून काही?"

"भोंगा. दर शनिवारी, पाचला."

"चालेल, पण जरा हळू वाजवा हं. समोरच्या इमारतीतले ओरडतील."

"हळू वाजला तर तो भोंगा कसला, मॅडम?" ग्रीसदादा म्हणाला. "त्यापेक्षा समोरच्यांनाच चहाला बोलवा."

आणि खरंच, आता येतात त्यांतले काही जण.

तर मित्रांनो, मी हल्ली शेडच्या छपरावर असतो. तोंडात छत्र्या नाहीत. ग्रीसदादा तेल घालतो, त्याच्या बायकोच्या मिक्सरला झाकणही बसलंय. तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू गप्प पडली असेल. तिला एकदा पुसा, थोडं तेल द्या, काय बोलते बघा. आणि कोणी आजारी असल्याची बातमी आली तर अंगठा खाली ठेवा आणि चपला घाला. लांब नसतं हो घर कोणाचं.

बाकी माझी एक तक्रार आहे. हॅलोबाईने ठरवलंय की रात्र व्हायच्या आत सगळ्यांनी घरी जायचं. म्हणून सातला मी वाजतो. लागोपाठ दोन लांब, अगदी पूर्वीसारखे. सगळे सवयीने अर्धे उठतात. मग एकमेकांकडे बघतात, खो खो हसतात आणि परत बसतात. उंटकाका तर वर बघून मलाच म्हणतात, "तू जा पुढे, आम्ही येतो."

उभ्या आयुष्यात माझा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. आता दर शनिवारी माझं कोणी ऐकत नाही. आणि खरं सांगू? मला अजिबात राग येत नाही.