नाश्खोचा कागद

सुलतानाच्या राणीनं, रुखसफा कादननं, पाचूची बांगडी तिसऱ्यांदा चढवली आणि तिसऱ्यांदा उतरवून ठेवली. ते कल्फाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"आई भेटायला येतेय की सासू?" चेश्मे कल्फा हसली. "इतकं काय ते घाबरायचं!"

"सतरा वर्षं झाली, कल्फा. ओळखेल की नाही, कुणास ठाऊक."

"पोटची पोर ओळखायला काय दिवा लागतो?"

चेश्मे कल्फा राणीवशाची जुनी कारभारीण, राजमातेच्या कानाला लागलेली. तीही रुखसफासारखीच चेर्केस, दूरच्या डोंगरी मुलखातून आलेली, त्यामुळे तिच्यापुढे आपल्या भाषेत कुजबुजायचीसुद्धा सोय नव्हती.

दिवा लागत नाही, हेच तर रुखसफाचं भय होतं. कारण ती त्या बाईच्या पोटची नव्हतीच. मुलूख रशियनांनी घेतला आणि चेर्केस लोक गलबतांत बसून निघाले, तेव्हा सरदाराची मुलगी गोशमाफ सुलतानाच्या महालाला कबूल केलेली होती. सुलतानाच्या मुलखातल्या सामसूनच्या बंदरात सरदार तापानं गेला. गोशमाफची आई, सरदारीणबाई, मागच्या गलबतात होत्या. त्या रडारडीत गोशमाफ एका घोडेस्वाराबरोबर पळाली आणि जाताना आपला जरीचा अंगरखा दासीच्या अंगावर टाकून गेली. दासीचं नाव नाश्खो. महालाची माणसं आली, त्यांनी अंगरखा पाहून नाव विचारलं, अन् भेदरलेल्या पोरीनं मालकिणीचं नाव सांगितलं. तीच आता महालानं नाव बदललेली रुखसफा, सुलतानाची तिसरी पत्नी, सहा वर्षांच्या शहजाद्याची आई.

'ही माझी मुलगी नव्हे.' म्हातारीनं एवढे चार शब्द उच्चारले, की शहजादा दुसरीच्या पदरात जाणार आणि ती स्वतः जुन्या महालात कुलपाआड. शेजारच्या दालनात तो लाकडी घोड्याला दटावत होता.

पडदा सरला. सरदारीणबाई काठी टेकत आत आल्या. केवढ्या खंगल्या होत्या! ताठ मान तेवढी तीच होती.

रुखसफा उठून उभी राहिली. थोरल्यांसाठी उठायचं ही चेर्केसांची रीतच, त्यात वावगं काही नव्हतं. पण पाय तिथं थांबले नाहीत. ती पुढं झाली, गुडघ्यांवर बसली आणि म्हातारीच्या पायातला जोडा काढू लागली. डावा आधी. टाच धरून, अलगद. जोडा हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिचं धाबं दणाणलं. सरदारांच्या मुली कुणाचे जोडे काढत नसतात.

कल्फाच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई! कादनएफेंदी, हे काम करायला चार दासी आहेत की."

म्हातारी खाली बघत होती. डाव्या घोट्याचं ते जुनं दुखणं. तो जोडा आधी काढायचा, हे त्या घरात एकाच पोरीला ठाऊक होतं. म्हातारीनं त्या वाकलेल्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लेकीनं आईचे जोडे काढले तर काय बिघडलं?" म्हातारी अखेर म्हणाली. "ऊठ, पोरी."

"आई," रुखसफा म्हणाली. हा शब्द ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला उद्देशून म्हणत होती.

कॉफी आली. म्हातारीच्या हातातला पेला बशीवर वाजत होता, तेव्हा कुठं रुखसफाला उमगलं, की हीसुद्धा जीव मुठीत धरून आली आहे. सुलतानाला फसवल्याचा बोल हिच्याही कुळावर येणारच होता.

"तुझी दासी आठवते? नाश्खो?"

कल्फा सुपारीएवढा हलवा तोंडात टाकत होती. रुखसफानं पेला खाली ठेवला.

"आठवते. कशी आहे?"

"माझ्याच दारी आहे. सामसूनहून पळालेली, पुढं दोन वर्षांनी नवऱ्याला घेऊन परतली. आमची जुनी माणसं तोवर सगळी तापानं गेली होती. मी म्हटलं, राहा माझ्यापाशी." म्हातारीनं कल्फाकडे एकदा पाहिलं. "नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. आता माझा पुतण्या म्हणतो, दासीची पोरं ती दासच. थोरली चौदाची आहे, चांगली नाकेली. तिला विकायला काढलीय."

सामसूनहून पळाली होती ती गोशमाफ; म्हणजे तीच आता नाश्खोच्या नावानं जगत होती, अन् विकायला काढली होती ती सरदाराची नात.

"तुम्हीच सोडा की तिला," कल्फा मध्येच म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"माझी कुठाय ती? सरदारांनी मुलीच्या नावे करून दिलेली. मोकळं करायचं तर हिनंच."

रुखसफानं कागद मागवला. लिहायला ती महालातच शिकली होती, अक्षर वळणदार होतं. 'माझी दासी नाश्खो आणि तिची मुलं आजपासून स्वतंत्र आहेत.' नाश्खो हे स्वतःचं नाव तिनं आजवर कधी लिहिलं नव्हतं. ते लिहिताना बोरू अडखळला, कागदावर शाईचा ठिपका पडला. तिनं शिक्का उठवला. कल्फानं साक्षीदार म्हणून आपलाही उठवला आणि जांभई दिली.

"पुण्याचं काम झालं," ती म्हणाली. "राजमातांना आवडेल."

म्हातारीनं कागद छातीशी धरला. मग काठी घेऊन उठली. सवयीनं रुखसफा पुन्हा खाली बसली, डावा जोडा उचलला.

म्हातारीनं पाय मागं घेतला.

"आता नको, पोरी," ती हळूच म्हणाली. "नाश्खो मोकळी झाली ना."

आणि भिंतीला टेकून, कण्हत, तिनं आपले जोडे आपणच घातले. त्याला फार वेळ लागला. तेवढा वेळ रुखसफा समोर उभी होती आणि आपल्या हातांचं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.