जेवणाच्या टेबलावरची बग्गी

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या घरी जेवणाचं टेबल होतं, पण गेल्या पाच महिन्यांत त्यावर कोणी जेवलं नव्हतं. टेबलावर जाड काच होती, काचेवर बग्गी होती आणि बग्गीवर निरीक्षक ओणवे झालेले होते. बाकीची मंडळी सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवत. निरीक्षकांची आई म्हणायची, आता मला विमानात बसवलंत तरी जेवणाची काही अडचण नाही.

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे. रिमोटवर चालणारी, खडबडीत मातीत उड्या मारत पळणारी, हातभर लांबीची गाडी. तिची मोटर ब्रशलेस आहे, हे निरीक्षक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ब्रशलेस म्हणजे काय, असं विचारण्याची चूक एका कुरिअरवाल्याने केली. तेव्हापासून तो पार्सल खाली वॉचमनकडेच ठेवून जातो.

वेगाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की बग्गी उजवीकडे वळली की डावीकडे उलथायची. दर रविवारी क्लबच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाला, ती झुरळासारखी पाठीवर पडून चारही चाकं हवेत फिरवायची आणि निरीक्षक शांतपणे वही काढायचे. वहीत सगळी नोंद होती. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये जाड तेल घातलं: उलटली. पातळ तेल घातलं: उलटली. मागची चाकं एक अंश आत झुकवली: उलटली, पण डौलात.

याच क्लबात त्यांचा मेव्हणाही होता. व्यवसायाने दंतवैद्य. निरीक्षकांनी घेतली त्याच दिवशी त्यानेही तशीच बग्गी घेतली होती आणि आजवर तिचा एक स्क्रूही फिरवला नव्हता. आठवडाभर लोकांची तोंडं उघडतो, रविवारी मी काहीच उघडत नाही, असं त्याचं म्हणणं. तो दर शर्यतीत निरीक्षकांच्या पुढे असायचा.

"भाऊजी, तिला जरा सुखाने जगू द्या," तो म्हणायचा. "दुखत नसलेला दात मी कधी उपटत नाही."

"तुझं नशीब आहे. माझं शास्त्र आहे."

"हो, तुमचं शास्त्र तिकडे तिसऱ्या वळणावर उताणं पडलंय. उचलून आणू?"

निरीक्षकांची बायको मुख्याध्यापिका होती, त्यामुळे घरात नियम असत. पहिला नियम बॅटरीचा. असल्या बॅटऱ्या पेट घेतात असं तिच्या वाचनात आलं होतं. तेव्हापासून बॅटरीचा मुक्काम गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात. ती बग्गीत बसायची ती थेट ट्रॅकवर, निघायची तीही तिथेच. दुसरा नियम नुकताच, शुक्रवारी, जाहीर झाला.

"अहो, या रविवारी एकदाच माझ्या भावाच्या पुढे येऊन दाखवा. आलात तर टेबल तुमचं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलात तर टेबल घराचं आणि बग्गी माळ्यावर."

"पण मी शेवटच्या टप्प्यावर आलोय गं."

"दर रविवारी शेवटच्याच टप्प्यावर असता. शेवटून पहिले."

निरीक्षक हसले नाहीत. ऑफिसात त्यांचं टेबल तिघांत होतं. घरात कपाटं बायकोची, गॅलरी आईच्या कुंड्यांची. ज्यावर कोहिनूर ठेवला तरी कोणी हलवणार नाही, अशी सपाट जागा आयुष्यात त्यांना ही एवढीच मिळाली होती.

रविवारी सकाळी ते उठले तर टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ होता. मेव्हणा संध्याकाळी जेवायला येणार होता आणि मुख्याध्यापिकाबाईंनी निकाल गृहीत धरला होता. काच भिंतीला टेकवून ठेवलेली. मापं घ्यायला सपाट जागा हवी, म्हणून निरीक्षकांनी काचही बरोबर घेतली.

काच ट्रॅकवर जाण्याची ती पहिलीच वेळ. निरीक्षकांनी ती क्लबच्या बाकड्यावर मांडली, बॅटरी बसवली आणि शेवटचं एकदा बघावं म्हणून बग्गी काचेवर ठेवली.

बग्गी डावीकडे कलली. सोफ्यावर कोपर टेकून टीव्ही बघणाऱ्या माणसासारखी निवांत कलली.

निरीक्षकांनी बॅटरी काढली. बग्गी सरळ. घातली. कलली.

बॅटरी डाव्या बाजूला बसते, मोटर उजव्या. घरी बॅटरी नसायची, म्हणून उजवी बाजू जड लागायची, म्हणून निरीक्षकांनी उजव्या स्प्रिंगा आवळल्या होत्या, दोन्ही बाजू केसभरही खाली-वर राहू नयेत इतक्या अचूक. पाच महिने त्यांनी अशा गाडीचं माप घेतलं होतं, जी कधी शर्यतीत उतरणारच नव्हती. आणि हाच माणूस वीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन सुनावत होता, "काटा रिकामा असताना सगळेच प्रामाणिक असतात. वजन ठेवा, मग बघू."

शर्यतीला दहा मिनिटं होती.

"जरा तुझी गाडी दे," ते मेव्हण्याला म्हणाले. "मापं घ्यायचीत."

"माझ्या गाडीची? भाऊजी, बरं वाटतंय ना?"

"बॅटरी आत असू दे," निरीक्षक पुटपुटले आणि मग नाइलाजाने सगळं सांगितलं.

मेव्हण्याने तोंड उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं. व्यवसायाने दुसऱ्यांकडून करून घ्यायची गोष्ट त्याने प्रथमच स्वतः केली. मग मात्र बिचाऱ्याने मुकाट्याने स्क्रू हातात धरले.

शर्यत सुरू झाली. तिसऱ्या वळणाला निरीक्षकांनी एक डोळा मिटला. बग्गी वळली. नुसती वळली, बाकी काही नाही. पाच महिने आजारी गाडी सांभाळलेला हात होता तो. धडधाकट गाडी त्याला फुलासारखी वाटली. आठ जणांत निरीक्षक सहावे आले. मेव्हणा सातवा.

"सहावा नंबर!" संध्याकाळी त्यांनी दारातूनच जाहीर केलं. "हा माझ्या मागे."

"अरे वा! मग काय केलंत शेवटी?"

"सस्पेन्शनची सगळी भूमिती मी नव्याने..."

"माझ्या गाडीसारखी केली, ताई," मेव्हणा चपला काढता काढता म्हणाला. "होती तशी." आणि बॅटरीची कथा त्याने आईसकट सगळ्यांना साग्रसंगीत ऐकवली.

बाईंनी हिशोब मांडला. "म्हणजे टेबलावर पाच महिने जे घातलंत-काढलंत, ते ट्रॅकवर दहा मिनिटांत पूर्ववत केलंत, आणि गाडी पळाली."

"तसंही म्हणता येईल."

"ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. टेबल तुमचं." त्यांनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला. "आता तुमच्या टेबलावर पाहुणे आलेत. वाढा."

निरीक्षकांनी वाढलं. भांडं खाली ठेवताच टेबल एका कोपऱ्यात किंचित डुगडुगलं. पाच महिन्यांत हे कसं लक्षात आलं नाही? खिशातली पट्टी काढून ते टेबलाखाली वाकले.

"अरे, आधी सगळ्यांना बसू दे," आई ताट पुढे ओढत म्हणाली. "मग मोज."