लाल फुली

उद्यान खात्याचे साहेब ब्रश घेऊन अंजिरावर लाल फुली मारायला आले, तशी गल्लीची आत्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

“झाड तोडावंच लागेल. नाहीतर हा खोड पोखरणारा भुंगा गल्लीभर पसरेल.”

“सायकलच्या तारेनं भोकाभोकातली अळी काढलीय मी. आठवडा झाला, भोकं मातीनं लिंपलीत. आत एक जरी जिवंत असती, तर माती ढकलून भुसा बाहेर आला असता. दिसतोय कुठे? चष्मा देऊ?”

आत्यानं साहेबांना कुंपणापलीकडे नेलं. आधी तोडलेल्या झाडांचे ओंडके खात्यानं महिनाभर तिथेच रचून ठेवले होते. खाली ताजा भुसा साचला होता, आणि एक भुंगा ऐटीत भोकातून बाहेर येत होता.

आत्यानं ब्रश हिसकावून ओंडक्यांवर भलीमोठी फुली मारली.

“आधी हे जाळा. मग माझ्या अंजिराला हात लावून दाखवा.”