शिडीवरचा एनॉक

एनॉक रॅम्सडेन तोंडातून चकार शब्द न काढता लोकांना हसवायचा. इंग्लंडातल्या लँकाशायरच्या गिरणीगावांतल्या नाट्यगृहांत तो रंगाऱ्याच्या वेशात शिडी नि रंगाचा डबा घेऊन यायचा, वर चढायचा आणि असा काही आपटायचा की लोक पोट धरून हसत. बायको आल्बिना बाजूला उभी राहून त्याला झापायची. तिच्या वाट्याला वाक्यं मोजकीच.

पुढे घरोघरी रेडिओ आला. संध्याकाळी माणसं शेगडीपाशी बसून राहू लागली नि नाट्यगृहं ओस पडली. म्हणून मँचेस्टरहून रेडिओवाल्यांचं बोलावणं आलं, तेव्हा आल्बिनाने परस्पर होकार कळवून टाकला.

"अगं, मी तिथे करू काय?" एनॉक वैतागला. "माझं पडणं कुणाला दिसणार?"

"शिडी घे नि चल. बघू तिथं."

स्टुडिओ म्हणजे जाड पडद्यांची खोली. प्रेक्षक नाहीत. कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. एनॉक चढला, डगमगला, डोळे फिरवले आणि धाडकन आदळला. कुणीच हसलं नाही. काचेपलीकडे बसलेले रेडिओचे साहेब घड्याळ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच पडताना एनॉकला खरोखर लागलं. तो उठेचना.

आल्बिनाने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. तिची थोरली बहीण हेटी जन्मांध. प्रत्येक खेळानंतर आल्बिना तिला सगळं रंगवून सांगायची. ठरलेली वाक्यं सोडून ती आता मायक्रोफोनला तसंच सांगू लागली.

"बाई गं, काय सांगू! आमचं ध्यान आडवं झालंय. उठतंय, उठतंय... अरे देवा, पाय रंगाच्या डब्यात!"

एनॉकने पटकन डब्यात पाय घातला.

"आता माझ्याकडे बघून हसतोय मेला. लग्नाआधीही असाच हसला होता, तिथंच फसले मी!"

काचेपलीकडे साहेब तोंडावर रुमाल धरून गदगदत होते.

कार्यक्रम दर आठवड्याला होऊ लागला. एकदा तळलेल्या मासळी-बटाट्याच्या दुकानात आल्बिना नुसतं म्हणाली, "व्हिनेगर जरा सढळ हाताने घाला हो," तर आवाज ओळखून अख्खी रांग वळली. बायकांनी तिला गराडा घातला. गरम पुडकी सांभाळत मागे उभ्या असलेल्या एनॉकला कुणी ओळखलं नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "साहेब म्हणतात, मी नुसते पाय आपटले तरी भागेल. गुडघेही कुरकुरतात आता. तू एकटी पुरेशी आहेस, आल्बी."

ती थांबली. "आणि मी बघू काय?"

"मनानं सांगायचं."

"मला नाही येत तसं. तू पडतोस, मला हसू फुटतं, म्हणून सुचतं. इतकी वर्षं गाल आतून चावून उभी राहायची मी. रागावलेली दिसायला हवी ना!"

 ह्या बाईला आपलं पडणं बघून हसू येतं, हे एनॉकला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या खेपेला आल्बिनाने शिडीखाली जाड गादी घालायला लावली. एनॉक गादीवर कोसळला नि आडवा पडल्या पडल्या त्याने मान वर केली. आल्बिना मायक्रोफोन घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. तिला पुढचं वाक्यच बोलता येईना. एनॉक उठला, मुकाट्याने पुन्हा शिडी चढू लागला.